महालक्ष्मीपुढची फौज

अंगद सर क्लासवरून घरी आले, तेव्हा त्यांची फौज महालक्ष्म्यांपुढे उभी होती.

सगळीच्या सगळी. दोन्ही बाजूंना सोंड उचललेले हत्ती, करंज्यांच्या ताटाभोवती गोलाकार घोडेस्वार, बेसनाच्या लाडवांच्या ढिगामागे तोफा आणि मधोमध पायदळ. पायदळाची तोंडं ज्येष्ठा-कनिष्ठांकडे होती, त्यामुळे शत्रूला पाठ दाखवून उभी राहिलेली ती जगातली पहिलीच फौज असावी. प्रत्येक शिपायाच्या कपाळावर हळदीकुंकू होतं. सर दारातच एका पायात चप्पल ठेवून थांबले.

"कशी झाली आरास?" अयोध्याबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ही... ही तुला कुठं घावली?"

"पलंगाखाली. मुखवट्याची पेटी वढायला गेले, तर शेजारची दुसरीच आली. उघडते तर ह्ये." त्यांनी पदराने डोळे टिपले. "चोवीस वर्षांत तुम्ही महालक्ष्म्यांला कधी साधा पाट मांडला न्हाई. आन औंदा गुपचूप एवढं करून राहिले होते. मला वाटलं... जाऊ द्या, काय वाटलं ते."

"घोड्यांला बी कुंकू लावलंस?"

"मग? त्यांनी काय पाप केलंय?"

सरांनी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. इतकी खूश ती मुलीच्या लग्नातही दिसली नव्हती. ते म्हणाले, "छान दिसतंय," आणि दुसरी चप्पल काढली.

आता ही पेटी पलंगाखाली कशी, तर ती सरांच्या आईची, नागाबाईंची शिस्त. किल्लारीचा भूकंप झाल्यापासून त्यांनी घरात डोक्याच्या वर एकही वस्तू ठेवू दिली नव्हती. माळा रिकामा, कपाटांचे माथे रिकामे, भिंतीवरची घड्याळंसुद्धा कमरेइतक्या उंचीवर, त्यामुळे वेळ बघायला पाहुणे वाकत. घरातली सगळी चीजवस्तू पलंगाखालच्या पत्र्याच्या पेट्यांत, आणि पेट्या सगळ्या एकाच दुकानातल्या. वरच्या मजल्यावर स्लॅबही टाकू दिला नव्हता, पत्र्याची खोली होती. मुलगी देगलूरला दिल्यापासून ती खोली रिकामी पडली होती आणि सर तिथे रोज संध्याकाळी दार लावून पेपर काढत असत. निदान घरात तसा समज होता.

अंगद सर म्हणजे लातुरातलं फिजिक्समधलं वजनदार नाव. दर जूनमध्ये पालकांची बैठक भरे आणि सर त्यात एकच भाषण करत. घरात खेळ नावाची वस्तू ठेवू नका. पत्ते जाळा, लुडो वाटून टाका, कॅरम नजरेआड करा. मेडिकलची जागा आणि सोंगट्या एका घरात नांदत नाहीत. ते भाषण ऐकून गावोगावचे पालक मान डोलावत आणि घरी जाऊन लेकरांचे भोवरेसुद्धा जप्त करत. अयोध्याबाईंनीही घरातला लुडो कामवालीला देऊन टाकला होता. अशा माणसाला, मी वर बसून खेळण्यातले शिपाई करतो, असं बायकोला तरी कसं सांगता यावं?

याची सुरुवात मुनीबपासून झाली. मुनीब हा सरांचा नांदेडच्या कॉलेजातला मित्र. तिथेच त्याची दातांच्या कवळ्या बनवायची लॅब आहे. नागाबाईंच्या तोंडातली कवळी त्याच्याच हातची, त्यामुळे या घरात त्याला जावयाचा मान. त्याच्या मेहुण्याने दुबईहून एक खोका आणला होता, त्यात बोटभर उंचीचे शिपाई आणि त्यांना टेबलावर लढवायचे कायदे. मुनीबने ते शिपाई पाहिले आणि म्हणाला, "यापेक्षा चांगले तर मी ओतीन." कवळीचा साचा करणाऱ्याला शिपायाचा साचा काय जड? त्याने आपल्या किनवटची फौज उभी केली. कवळीच्याच मसाल्याची असल्याने तिचे चेहरे हिरड्यांच्या रंगाचे होते आणि घोड्यांचे दात फार सुबक. त्याला तोड म्हणून सरांनी आपल्या गावची, रेणापूरची फौज काढली. नळाच्या गळतीला लावतात ती दोन रंगांची लांबी मळून एकेक माणूस घडवायचा, तारेचे भाले, काडेपेटीच्या काड्यांच्या तोफगाड्या, आणि रंग म्हणून नखपॉलिश, कारण हत्तीच्या झुलीला तशी चमक दुसऱ्या कशानेच येत नाही.

दोघांची वर्षातून एकदा लढाई होई. आजवर ती नांदेडात, मुनीबच्या लॅबमध्ये झाली होती. हरणाऱ्याने पुढची लढाई होईपर्यंत जिंकणाऱ्याला फोनवर "हुजूर" म्हणायचं, अशी अट होती. सर सलग तीन वर्षं म्हणत होते. क्लासच्या ऑफिसात फोन आला की पोरांना घाम फोडणारे सर उभे राहून "जी हुजूर, जेवलो हुजूर" करत आणि ऑफिसच्या शिपायाला वाटे की कलेक्टरचा फोन आहे. यंदा मात्र सरांनी हत्ती केले होते. यंदा लढाई लातुरात, महालक्ष्मीच्या जेवणादिवशी, कारण क्लासला तेवढीच सुट्टी. मुनीब जेवायला येणार आणि मग दोघं वर जाणार, असं ठरलेलं होतं. हुजूर म्हणण्याचा हा शेवटचा आठवडा, अशा खुशीत सर होते.

त्यांनी वर जाऊन हळूच फोन लावला.

"लढाई पुढं ढकल. माझी फौज अडकलीय."

"अडकली म्हणजे?"

"महालक्ष्मीपुढं बसलीय. अयोध्यानं मांडली."

पलीकडे बराच वेळ हसू ऐकू आलं. मग मुनीब म्हणाला, "उचल की मग."

"आई बसलीय ना तिथंच. देवीपुढं मांडलेलं इसर्जनापर्यंत हलवायचं न्हाई म्हणती."

"मग यार, ठरल्या दिवशी फौज उतरली नाही की हार. हा कायदा कोणी केला?"

कायदा सरांनीच केला होता. दुसऱ्या वर्षी मुनीबला एका म्हाताऱ्याची कवळी लग्नाच्या जेवणाआधी द्यायची होती म्हणून त्याने पुढची तारीख मागितली, तेव्हा सरांनी हा कायदा वाकवला नव्हता. त्याची फौज दोनच तास उशिरा उतरली, तरी शिक्षा म्हणून ती चार बोटं मागून लढायला लावली होती.

"बोला, काय म्हणायचं?" मुनीब म्हणाला.

"उद्या या हुजूर," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुनीब कवळ्यांच्या डब्यांत फौज भरून पिशवी घेऊन आला. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या असं जेवण झालं. बायका मागच्या खोलीत जेवायला बसल्यावर दोघं मित्र महालक्ष्म्यांपुढे येऊन उभे राहिले.

"तुझी हलत नाही, माझी तर हलते," मुनीब म्हणाला. "मी चाल करतो. तू नुसता उभा राहा. उभं राहायला कायद्यात मनाई नाही."

"ही काय लढाई झाली?"

"मग हार कबूल कर."

सर बाजूला सरकून उभे राहिले. मुनीबने रांगोळीच्या कडेने आपली फौज उतरवली. तिरंदाज केळीच्या खुंटाआड, घोडदळ समईजवळ, आणि सेनापती लाडवांच्या ढिगाच्या बरोबर पुढे. या सेनापतीच्या डोक्यावर दाताला बसवायची खरी धातूची टोपी होती आणि मुनीबचा त्याच्यावर भारी जीव. ढिगापलीकडे रेणापूरच्या तोफा होत्या, पण मध्ये लाडवांचा डोंगर असल्याने त्यांना तो दिसत नव्हता. जागा नामी होती. मुनीबने पहिल्या चालीसाठी हात पुढे केला, तेवढ्यात नागाबाई हात पुसत आल्या.

"आगं बया, मुनीबा, तू बी लक्ष्मीआईसाठी घिऊन आलास व्हय?"

"अम्मा, हे..."

"किती सुबक दात हायेत रं घोड्याचे." त्या खाली बसल्या, कोयरी ओढली आणि किनवटच्या फौजेला एका टोकापासून हळदीकुंकू लावत निघाल्या. सेनापतीला त्यांनी अक्षताही वाहिल्या. "आता कोणी हात लावू नका. उद्या मुखवटे हलवले की मग उचला."

मुनीबचा हात हवेतच राहिला. सरांना सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

"दोन्ही फौजा ठरल्या दिवशी उतरल्यात," ते हळूच म्हणाले. "हार कोणाचीच न्हाई. उद्या सुटल्या की जिथं हायेत तिथनं लढाई."

"मला नांदेडला दोन कवळ्या द्यायच्या आहेत उद्या."

"मैदान सोडलं तर हार. बघा हुजूर."

मुनीब मुक्कामाला राहिला.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका आरास बघायला आल्या. अयोध्याबाई प्रत्येकीला तेच सांगत होत्या. "सरांनी केलंय. स्वतःच्या हातानं. मला पत्ता लागू दिला न्हाई." बायका हत्तींकडे बघत, मग सरांकडे बघत, आणि घरी गेल्यावर आपापल्या नवऱ्यांचं काय होणार हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. सर आत पळायच्या बेतात होते, पण तेवढ्यात गौरम्मा आल्या. या उदगीरच्या. मुलाच्या बारावीसाठी लातुरात खोली करून राहिलेल्या, आणि सरांच्या भाषणावर त्यांची सगळ्यांत जास्त श्रद्धा.

गौरम्मांनी फौजेकडे नीट पाहिलं.

"अय्यो सर, हे तुमी केलं?"

"हो. म्हणजे... हो."

"पोराचा क्यारम तुमी सांगितलं म्हणून मी गच्चीवर टाकले. पाऊसात फुगून पापड झाला की वो."

खोलीतल्या सगळ्या बायका सरांकडे बघू लागल्या. त्यांतल्या निम्म्यांची मुलं सरांच्या क्लासला होती. सरांची वर्षानुवर्षांची अब्रू त्या लाडवांच्या ढिगावर येऊन टेकली होती.

"हा खेळ नाही," सर म्हणाले. आवाज आपोआप वर्गातला झाला. "या तोफा बघा. गोळा सुटला की कसा जाईल? वर, आणि मग खाली. प्रक्षेपकाची गती. दरवर्षी यावर प्रश्न असतो."

मुनीब भिंतीकडे तोंड करून खोकायला लागला. गौरम्मांचा चेहरा मात्र उजळला. "म्हंजे हे अभ्यासाचं हाय." त्यांनी तोफेला वाकून नमस्कार केला. मागून दुसऱ्या बाईने केला. तिसरीने आपल्या मुलाचं नाव घेऊन केला.

लातुरात परीक्षेच्या बाबतीत कोणी काही धोका पत्करत नाही. सकाळी दूधवाल्याच्या आधी पालक आले. सरांच्या घरी फिजिक्सची तोफ बसली आहे, दर्शन घेतलं की त्या धड्याचे मार्क पक्के, अशी बातमी खोल्या-खोल्यांतून फिरली होती. मुलं आंघोळ करून ओळीने उभी. एका गृहस्थाने सराव परीक्षेचं हॉलतिकीट हत्तीच्या पायाला लावून घेतलं. केमिस्ट्रीचं काही बसवलंय का, असंही एकाने विचारलं. नागाबाई सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत होत्या. सर क्लासला जायच्या वेळेच्या खूप आधी क्लासला गेले.

दुपारी सर परतल्यावर दहीभाताचा नैवेद्य झाला, आरती झाली, आणि अयोध्याबाईंनी हलक्या हाताने दोन्ही मुखवटे हलवले. महालक्ष्म्या उठल्या. नागाबाई प्रसाद वाटायला लाडवांच्या ढिगाजवळ बसल्या. मुनीब कालपासून दाबून बसलेला होता, त्याला आता दम निघेना. अयोध्याबाई समोर आहेत हेही तो विसरला.

"चला, सुटल्या. अंगद, तीनदा हरून मला हुजूर म्हणतोस, सहा महिने या लढाईसाठी मरतोयस, काढ फासा."

सरांनी खिशातून अर्धा बाहेर काढलेला फासा पुन्हा आत सरकवला. त्याचा काही उपयोग नव्हता.

"म्हंजे ह्ये महालक्ष्म्यांसाठी न्हवतं," अयोध्याबाई म्हणाल्या.

"न्हाई," सर म्हणाले. "खेळ हाय आमचा. खोटं कशाला बोलू. पण तू रडायलीस तवा मला सांगवंना."

अयोध्याबाई खाली बसल्या. त्यांनी एक हत्ती उचलून हातात घेतला.

"गोलाई बाजारातला कटलरीवाला सटवाजी मला श्रावणात म्हणला, वैनी, सर लई नखपॉलिश नेतेत. निळं, सोनेरी, इटकरी. माझ्या नखाला तर कधी लागलं न्हाई त्ये. आन वरच्या खोलीतनं हळूहळू आवाज, जी हुजूर, जी हुजूर. मला वाटलं, झालं, हाय कोणी तरी. किती दिवस घास गेला न्हाई नीट. परवा पेटी उघडली, हत्तीच्या पाठीवर त्ये निळं दिसलं, आन मी तितंच बसून रडले. म्हणलं, माणूस माझाच हाय."

सरांना स्वतःची फार लाज वाटली. बायकोच्या घशाखाली घास उतरत नव्हता आणि आपण वर बसून घोड्यांना शेपट्या लावत होतो, हे त्यांना टोचलं.

"आन आता निघालं कोण," अयोध्याबाई म्हणाल्या, "तर मुनीबभाऊ."

"भाभी, मी कवळ्या बनवतो," मुनीब कळवळून म्हणाला. "माझ्यात काय आहे?"

आधी नागाबाई हसल्या, मग अयोध्याबाई. हसता हसता त्यांनी पदर खोचला.

"सगळ्या गल्लीला सांगून बसलेय, माझ्यासाठी केलंय म्हणून. ते काय मी आता मागं घेणार न्हाई. म्हंजे ही फौज माझी झाली. सांगा, कोण किती चालतं?"

"तू खेळणार?" सरांनी विचारलं.

"मग कोण? तुम्ही तीनदा हरलेत म्हणं."

मुनीबने आनंदाने कायदे सांगितले. प्यादा चार बोटं चालतो, घोडा एक वीत. तोफेपासून शत्रूपर्यंत दोरा ताणायचा, मध्ये कशालाही लागला नाही तर डागता येते, आणि फाशावर पाच किंवा सहा पडले की गोळा लागला. सेनापती पडला की लढाई संपली. सर पालथे झोपून बोटं मोजायला लागले, कारण तेवढंच काम त्यांना उरलं होतं.

मुनीबने घोडदळ झपाझप पुढे आणलं. पाठ करून उभ्या असलेल्या पायदळाचा त्याने धुव्वा उडवला. सर जमिनीवरून तळमळत सांगत होते, "हत्ती काढ, अगं हत्ती काढ." अयोध्याबाई ऐकत नव्हत्या. प्रत्येक चालीला त्या एखादा प्यादा चार बोटं सरकवत आणि सासूला म्हणत, "आत्याबाई, मुनीबभावाला लाडू द्या की. कालपासनं नीट जेवले न्हाईत."

"खा लेका," नागाबाई ढिगातला वरचा लाडू काढून देत. अम्माच्या हातचं नाही म्हणायची मुनीबची प्राज्ञा नव्हती, आणि तशी इच्छाही नव्हती. त्याने एक हत्ती पाडला आणि लाडू खाल्ला. तिरंदाज पुढे आणले आणि लाडू खाल्ला. "भाभी, बेसन काय खमंग भाजलंय," म्हणत त्याने तिसरा स्वतःच उचलला, मग चौथा, पाचवा; मधल्या वेळात नागाबाई त्याच ढिगातून शेजाऱ्यांच्या प्रसादाचे डबे भरत होत्या. रेणापूरची निम्मी फौज आडवी झाली होती. सरांनी मनातल्या मनात आणखी एक वर्ष हुजूर म्हणायची तयारी केली.

"आता दोरा ताणा," अयोध्याबाई म्हणाल्या.

"कुठनं कुठं?"

"तोफेपासनं त्या टोपीवाल्यापर्यंत."

सरांनी दोरा ताणला. तो कशालाच लागला नाही. डोंगराच्या जागी तुपाचे डाग पडलेला कागद होता आणि त्यापलीकडे किनवटचा सेनापती, कपाळाला कुंकू लावून, उघड्यावर उभा होता. मुनीबच्या तोंडात शेवटचा लाडू होता, त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही.

फाशावर सहा पडले.

नेमक्या त्याच वेळी गौरम्मा आल्या. मुलासाठी तोफेचा अंगारा मिळेल का, हे विचारायला. त्यांनी दारातून पाहिलं, तर लातूरचे अंगद सर हातात दोरा धरून फरशीवर पालथे पडले होते आणि "पडला, पडला" म्हणून पाय आपटत होते.

सर उठून बसले. शर्टाला रांगोळी लागली होती. प्रक्षेपकाची गती त्यांना पुन्हा आठवली, पण अयोध्याबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"खेळच हाय, गौरम्मा," ते म्हणाले. "पोराला नवा क्यारम घ्या. रविवारी खेळू द्या त्याला."

गौरम्मांनी विचारलं, "आन मार्क?"

"ते मी बघतो."

मुनीबने तोंडातला लाडू गिळला, पाणी प्यायला आणि अयोध्याबाईंपुढे वाकून कोपरापासून सलाम केला. "हुजूर," तो म्हणाला. सर पुढे होऊन ऐटीत उभे राहिले, पण मुनीब त्यांच्या बाजूने वळलाच नाही.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्या आल्या त्या दिवशीही क्लासला सुट्टी होती. दुपारी फोन वाजला आणि सरांनी हात धोतराला पुसत तो उचलला.

"हुजूर आहेत का?" मुनीबने विचारलं.

"वर आहेत. हत्तीला रंगाचा दुसरा हात मारायलेत, खाली यायच्या न्हाईत."

"मग तू काय करून राहिला?"

"मी उद्याचं पुरण वाटतोय," सर म्हणाले. "औंदा लाडू जरा बारके केलेत, येताना भूक घेऊन ये."